प्रकाशाच्या पोटातले क्वार्क

(खुलताबाद येथील व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



या व्याख्यानमालेतले आजचे पुष्प मी डॉ. रोहिणी गोडबोले यांच्या स्मृतीला अर्पण करतो. त्यांचा जन्म 12 नोव्हेंबर 1952 रोजी पुण्यात झाला आणि 25 ऑक्टोबर 2024 रोजी त्या गेल्या. त्यानंतर मराठीत त्यांच्याविषयी जे माझ्या वाचनात आले त्यात 2019 ची पद्मश्री होती, फ्रान्स सरकारने 2021 मध्ये केलेला गौरव होता, विज्ञानातल्या स्त्रियांसाठी त्यांनी केलेली धडपडही होती. त्यांचे भौतिकशास्त्र मात्र फार थोडे होते. अवघड आहे म्हणून ते वगळले जाते, हे मला समजते, पण पटत नाही. शास्त्रज्ञाचे स्मरण त्याच्या शास्त्राने व्हावे. म्हणून आजचा बहुतेक वेळ मी त्यांच्या कामालाच देणार आहे.

त्यांच्या विषयाचा गाभा एका वाक्यात सांगता येतो. प्रचंड वेगाने येणारे दोन कण एकमेकांवर आदळले, तर त्यातून काय, किती आणि कुठल्या दिशेला बाहेर पडेल, हे टक्कर होण्याआधी कागदावर काढून दाखवायचे.

हा विषय जिनिव्हाचा, हॅम्बर्गचा, आपला नाही, असे कुणाला वाटत असेल तर आपला हात जरा आडवा धरून पाहा. अवकाशातून येणारे प्रोटॉन आपल्या डोक्यावर पंधरा-वीस किलोमीटर उंचीवर हवेतल्या नायट्रोजन आणि ऑक्सिजनच्या अणुकेंद्रांवर सतत आदळत असतात. त्या टकरींतून पायॉन नावाचे कण निघतात, त्यांचे म्यूऑन होतात आणि ते थेट जमिनीपर्यंत पोचतात. जमिनीवर दर चौरस सेंटिमीटरमागे मिनिटाला साधारण एक म्यूऑन पडतो. म्हणजे तुमच्या पसरलेल्या तळहातातून सेकंदाला एक-दोन म्यूऑन आत्ताही आरपार जात आहेत. म्हैसमाळच्या पठारावर थोडे जास्त, वेरूळच्या लेण्यांत खडकामुळे कमी. होमी भाभांनी तरुणपणी याच विश्वकिरणांचा हिशेब मांडला होता. हाइटलर यांच्याबरोबरचा त्यांचा 1937 चा सिद्धान्त, वरून आलेला एक इलेक्ट्रॉन हवेत कणांचा वर्षाव कसा निर्माण करतो, हे सांगतो. त्याआधी इलेक्ट्रॉन आणि त्याचा प्रतिकण पॉझिट्रॉन एकमेकांवरून कसे विखुरतात याचे जे गणित त्यांनी केले, त्याला जगभर भाभा विखुरण म्हणतात.

कण फेकायचा, तो कसा विखुरतो ते पाहायचे आणि त्यावरून आतली रचना ओळखायची, ही पद्धत रदरफर्डच्या प्रयोगशाळेत रुळली. मँचेस्टरमध्ये 1909 साली गायगर आणि मार्सडेन यांनी सोन्याच्या पातळ पत्र्यावर अल्फा कण सोडले. बहुतेक आरपार गेले, थोडेसे मात्र उलट फिरले. त्या थोड्या कणांवरून 1911 मध्ये रदरफर्डने अणूच्या मध्यभागी अणुकेंद्र आहे हे दाखवले. पुढे 1968 च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्डला तीन किलोमीटर लांबीच्या यंत्रातून इलेक्ट्रॉन प्रोटॉनवर सोडले गेले. तिथेही अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त इलेक्ट्रॉन मोठ्या कोनात वळले. प्रोटॉनच्या आतही टणक, बिंदूसारखे काहीतरी होते. गेलमन आणि झ्वाइग यांनी 1964 मध्ये कागदावर कल्पिलेले क्वार्क ते हेच. या प्रयोगासाठी फ्रीडमन, केंडॉल आणि टेलर यांना 1990 चे नोबेल मिळाले.

आता क्वार्कांना बांधून ठेवणाऱ्या बलाकडे येतो. त्याच्या सिद्धान्ताचे नाव क्वांटम क्रोमोडायनॅमिक्स. विजेच्या बलाला जसा विद्युतभार, तसा या बलाला एक भार असतो आणि तो तीन प्रकारचा असतो. शास्त्रज्ञ त्याला रंग म्हणतात, डोळ्यांना दिसणाऱ्या रंगाशी त्याचा काही संबंध नाही. हे बल वाहून नेणाऱ्या कणांना ग्लुऑन म्हणतात. प्रकाशाचा कण, म्हणजे फोटॉन, विद्युतबल वाहतो पण त्याच्या स्वतःच्या अंगावर विद्युतभार नसतो. ग्लुऑनच्या अंगावर मात्र रंगभार असतो. त्यामुळे ग्लुऑनमधून ग्लुऑन निघतात, त्यांतून आणखी निघतात. आज मी जे सांगणार आहे त्याचे मूळ या एका फरकात आहे.

ग्रॉस, विल्चेक आणि पोलित्झर यांनी 1973 मध्ये दाखवले की क्वार्क एकमेकांच्या अगदी जवळ असताना हे बल क्षीण होते आणि लांब गेल्यावर जोर धरते. त्यासाठी त्यांना 2004 चे नोबेल मिळाले. लांब म्हणजे तरी किती? प्रोटॉनच्या आकाराइतके. तेवढ्या अंतरावर दोन क्वार्कांना ओढून धरणारे बल जवळपास सोळा टन वजनाइतके असते. त्यांना आणखी ताणायला गेलो, तर खर्च केलेल्या ऊर्जेतून नवी क्वार्कजोडी जन्मते आणि क्वार्क एकटा कधीच हाती लागत नाही. जोराने उडालेल्या क्वार्कच्या जागी आपल्याला कणांचा एक झोत दिसतो. ग्लुऑनचाही झोतच दिसतो. हॅम्बर्गच्या पेट्रा यंत्रावर 1979 मध्ये तीन झोतांच्या घटना सापडल्या आणि ग्लुऑन खरा आहे हे ठरले.

आणखी एक आकडा पाहू. कणांचे वस्तुमान आणि ऊर्जा ज्या एककांत मोजतात त्यांत प्रोटॉनचे वस्तुमान 938 एमईव्ही, म्हणजे साधारण एक जीईव्ही. त्यातल्या दोन अप क्वार्कांचे प्रत्येकी दोनेक आणि एका डाउन क्वार्कचे पाचेक, अशी बेरीज केली तर जेमतेम नऊ येते. शंभरातला एकच भाग. उरलेले नव्याण्णव भाग ग्लुऑन आणि क्वार्कांच्या ऊर्जेचे आहेत. वजनकाट्यावर आपण जे वजन पाहतो, ते जवळजवळ सगळे या बलाने कोंडलेल्या ऊर्जेचे असते. पहिल्यांदा ऐकताना यावर विश्वास बसत नाही, आणि तसा तो चटकन बसूही नये.

बल जवळून क्षीण आणि लांबून प्रबळ असल्यामुळे हिशेबाचे दोन तुकडे करावे लागतात. जोराच्या टकरीचा भाग कागदावर काढता येतो. प्रोटॉनमध्ये किती क्वार्क आणि किती ग्लुऑन त्याच्या संवेगाचा केवढा वाटा घेऊन धावत आहेत, हा भाग प्रयोगातून मोजून घ्यावा लागतो. एकदा मोजला की तो दुसऱ्या कुठल्याही टकरीत वापरता येतो. या दोन तुकड्यांना निगुतीने जोडून प्रयोगशाळेत दिसेल असा आकडा काढायचा, हे रोहिणीताईंचे काम. सिद्धान्त आणि यंत्र यांच्यामध्ये उभे राहून करायचे हे काम आहे.

त्या पुण्याच्या हुजूरपागा शाळेत शिकल्या, पुढे सर परशुरामभाऊ महाविद्यालयात, मग मुंबईच्या आयआयटीत. एम.एस्सी.नंतर त्या अमेरिकेत स्टोनी ब्रूकला गेल्या, 1979 मध्ये पीएच.डी. मिळवली आणि परत आल्या. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काही काळ काम करून 1982 पासून 1995 पर्यंत त्या मुंबई विद्यापीठात शिकवत होत्या. बेंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था त्यानंतरची. मुंबई विद्यापीठाच्या वर्षांवर मी मुद्दाम थांबतो, कारण माझ्या मते त्यांचे सर्वांत मोलाचे काम तिथले आहे. कलिन्याच्या विद्यानगरीत वर्ग घ्यायचे, परीक्षा घ्यायच्या, पेपर तपासायचे आणि उरलेल्या वेळात संशोधन करायचे. इंटरनेटवर संशोधन-लेख ठेवण्याची पहिली सोय 1991 च्या ऑगस्टमध्ये सुरू झाली. तोवर युरोपात लिहिलेला लेख इथे टपालाने येई.

त्या काळात त्यांनी जर्मन भौतिकशास्त्रज्ञ मानुएल ड्रेस यांच्याबरोबर प्रकाशाच्या रचनेवर काम केले. प्रकाशाला कसली रचना, असे तुम्ही विचाराल. फोटॉनला वस्तुमान नाही, विद्युतभार नाही, रंगभार नाही. पण क्वांटम सिद्धान्तात फोटॉन क्षणभर क्वार्क आणि प्रतिक्वार्कची जोडी होऊ शकतो आणि पुन्हा फोटॉन होऊ शकतो. ही जोडी किती वेळ टिकते हे फोटॉनच्या ऊर्जेवर ठरते. ऊर्जा 10 जीईव्ही असली, म्हणजे प्रोटॉनच्या वस्तुमानाच्या साधारण दहापट, तरी ही जोडी प्रोटॉनच्या जाडीच्या काही पट अंतर कापेपर्यंत टिकते. म्हणजे असा फोटॉन प्रोटॉनपाशी पोचतो तेव्हा तो क्वार्कांच्या रूपात असू शकतो. जोडी आहे म्हटल्यावर तिच्यातून ग्लुऑन निघणार, त्यांतून आणखी ग्लुऑन. असे नेहमी घडत नाही. फोटॉन आणि प्रोटॉन यांच्या टकरीचे प्रमाण दोन प्रोटॉनांच्या टकरीच्या साधारण तीनशेव्या भागाइतके भरते. पण जेव्हा घडते, तेव्हा प्रकाशाचा कण क्वार्क-ग्लुऑनांनी भरलेल्या कणासारखा वागतो.

ड्रेस आणि गोडबोले यांनी 1980 च्या दशकाच्या शेवटी हिशेब मांडला, तेव्हा हॅम्बर्गला हेरा नावाचे यंत्र अजून बांधून व्हायचे होते. या 6.3 किलोमीटर परिघाच्या यंत्रात इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन समोरासमोर आदळणार होते. वेगाने धावणारा इलेक्ट्रॉन फोटॉन सोडतो आणि तो फोटॉन प्रोटॉनवर आदळतो. या दोघांनी सांगितले की तिथे दिसणाऱ्या झोतांचा मोठा वाटा अख्ख्या फोटॉनचा नसेल, त्याच्या आतल्या क्वार्क-ग्लुऑनांचा असेल. ते ओळखायचे कसे, याची खूणही या चित्रातच होती. फोटॉनमधला एक क्वार्क टकरीत गेला, तर फोटॉनचा उरलेला अवशेष सरळ पुढे, इलेक्ट्रॉनच्या दिशेने, झोत होऊन जाणार. अख्खा फोटॉन खर्ची पडला तर त्या दिशेला काही उरणार नाही. हेरा 1992 मध्ये सुरू झाले आणि त्याच वर्षी तिथल्या दोन्ही प्रयोगांना असे झोत दिसले. जपानच्या त्रिस्तान यंत्रावरही त्याच सुमारास दोन फोटॉनांच्या टकरींत हीच गोष्ट आढळली.

यातून 1991 मध्ये 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स' या नियतकालिकात दोघांचा एक छोटा लेख आला. भविष्यात इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन सरळ रेषेत धावत येऊन आदळतील अशी मोठी यंत्रे बांधायचे तेव्हा जगभर घाटत होते. इलेक्ट्रॉनच्या आत काही नाही, म्हणून या टकरी स्वच्छ असतील, प्रोटॉनच्या टकरीत उडतो तसा कचरा उडणार नाही, हे या यंत्रांचे मोठे आकर्षण. पण टकरी पुरेशा व्हाव्यात म्हणून कणांचे पुंजके अतिशय बारीक आवळावे लागतात. मग समोरून येणाऱ्या पुंजक्याच्या तीव्र विद्युतक्षेत्रात इलेक्ट्रॉन वळतो आणि वळताना फोटॉन सोडतो. दोन्ही बाजूंनी सुटलेले हे फोटॉन एकमेकांवर आदळतात, आणि त्यांच्या पोटात क्वार्क आणि ग्लुऑन असतात! दोघांनी आकडे काढले. काही आराखड्यांत पुंजक्यांच्या प्रत्येक भेटीत असा नको असलेला कणांचा पसारा उठणार होता. स्वच्छ म्हणून ज्या यंत्राची ख्याती व्हायची, ते मुळातच मलिन निघाले असते.

हे काम यंत्र बांधण्याआधी झाले, याला मी फार महत्त्व देतो. अब्जावधी रुपये ओतल्यावर दोष कळणे वेगळे आणि कागदावर कळणे वेगळे. आज अशा यंत्राचा कुठलाही आराखडा या हिशेबाशिवाय पुढे सरकत नाही. जिनिव्हाच्या सर्न प्रयोगशाळेच्या क्लिक या प्रस्तावित यंत्राच्या सविस्तर आराखड्यात 3 टीईव्ही, म्हणजे 3000 जीईव्ही, ऊर्जेला पुंजक्यांच्या एका भेटीत अशा तीनेक घटना धरल्या आहेत आणि शोधक उपकरण त्याप्रमाणे आखले आहे.

त्यांचा दुसरा मोठा प्रश्न याहून जुना आहे आणि दिसायला अगदी साधा आहे. ऊर्जा वाढवत नेली तर प्रोटॉन मोठा होतो का? प्रोटॉन दुसऱ्या प्रोटॉनला किती मोठे लक्ष्य वाटतो ते मिलिबार्नमध्ये मोजतात. एका चौरस सेंटिमीटरला एकावर सत्तावीस शून्ये असलेल्या संख्येने भागले की एक मिलिबार्न होतो. सर्नमध्ये 1970 च्या दशकात 62 जीईव्ही ऊर्जेला हे लक्ष्य 43-44 मिलिबार्न भरले. आजच्या लार्ज हेड्रॉन कोलायडरवर 13 टीईव्हीला ते 110 च्या आसपास भरते. ऊर्जा दोनशे पट वाढली, लक्ष्य अडीच पट.

ते का वाढते? समजा, 2 जीईव्हीचे दोन छोटे झोत आडवे फेकायचे आहेत. त्यासाठी 62 जीईव्हीच्या यंत्रात प्रत्येक बाजूच्या ग्लुऑनकडे प्रोटॉनच्या संवेगाचे शंभरातले साडेसहा भाग असावे लागतात. 13 टीईव्हीला दहा हजारातले तीन भागही पुरतात. आणि इतका किरकोळ वाटा घेऊन फिरणारे ग्लुऑन प्रोटॉनमध्ये अमाप असतात, हे हेरानेच मोजून दिले. म्हणजे ऊर्जा वाढली की टक्कर घडवू शकणाऱ्या ग्लुऑनांची संख्या झपाट्याने फुगते. इथे घोटाळा होतो. हा हिशेब तसाच पुढे नेला तर छोट्या झोतांचा आकडा एकूण टकरींच्या आकड्याच्याही वर जातो. भाग पूर्णापेक्षा मोठा झाला! शिवाय मार्सेल फ्रुआसार या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1961 मध्ये सिद्ध केले होते की हे लक्ष्य ऊर्जेच्या लॉगरिदमच्या वर्गापेक्षा जलद वाढूच शकत नाही.

घोटाळ्याचा एक भाग मोजणीचा आहे. हनुमान जयंतीला आपल्या भद्रा मारुतीच्या रस्त्यावर येणारा आणि परतणारा लोंढा समोरासमोर आला तर धक्के शेकड्यांनी लागतात, पण लोंढे भिडले ते एकदाच. एका प्रोटॉन-टकरीत ग्लुऑनांच्या अनेक जोड्या भिडू शकतात. त्या जोड्या मोजल्या तर आकडा मोठा येणारच, एकूण टकरी मात्र तेवढ्याच राहतात. पण एवढ्याने वाढ पुरेशी आवरत नाही. रोहिणीताईंनी जुलिया पांकेरी, अग्नेस ग्राऊ आणि योगेंद्र श्रीवास्तव यांच्याबरोबर अनेक वर्षे या उरलेल्या भागावर काम केले. त्यांचे म्हणणे असे, की आदळायला निघालेला ग्लुऑन वाटेत स्वतःच असंख्य मंद ग्लुऑन सोडतो. प्रत्येक वेळी त्याला बारीकसा हिसका बसतो आणि त्याची दिशा किंचित ढळते. ऊर्जा जितकी जास्त तितके असे हिसके जास्त. मग समोरासमोर नेमके भिडणे कठीण होते आणि वाढीला लगाम बसतो. हे मंद ग्लुऑन एकेक मोजता येत नाहीत, सगळे एकत्र बेरजेत घ्यावे लागतात. ती बेरीज करताना बल सर्वांत प्रबळ असते अशा प्रदेशात शिरावे लागते, जिथे नेहमीचे गणित साथ देत नाही. त्यांनी तिथे एक गृहीतक घेतले आणि तसे उघड सांगितले. प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. इतरांच्या इतर वाटा आहेत. पण वाढ कशाने होते आणि आवर कशाने बसतो, हे दोन्ही एकाच सिद्धान्ताच्या पोटातून, ग्लुऑनच्या ग्लुऑन सोडण्यातून, दाखवण्याचा त्यांचा प्रयत्न मला सर्वांत प्रामाणिक वाटतो.

हिग्ज, टॉप क्वार्क, अतिसममिती यांवरही त्यांनी पुष्कळ लिहिले. ड्रेस आणि प्रबीर रॉय यांच्याबरोबरचे 2004 चे त्यांचे पुस्तक आजही विद्यार्थी वापरतात. त्यात आज शिरत नाही.

एका पुस्तकाविषयी मात्र बोलायलाच हवे. राम रामस्वामी यांच्यासह त्यांनी संपादित केलेले 'लीलावतीज् डॉटर्स' 2008 मध्ये निघाले. सुमारे शंभर भारतीय स्त्री-शास्त्रज्ञांनी त्यात आपली वाटचाल सांगितली आहे. पुस्तकाच्या नावातली लीलावती आपल्या शेजारची. 'लीलावती' हा भास्कराचार्यांनी 1150 मध्ये रचलेल्या ग्रंथाचा गणितावरचा भाग, आणि लीलावती त्यांची कन्या, असे परंपरा सांगते. इथून कन्नडमार्गे घाट उतरून चाळीसगावकडे गेलो की पाटणादेवीला भास्कराचार्यांच्या कुळाचा शिलालेख आहे. त्यांचा नातू चांगदेव हा देवगिरीच्या यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने मठ काढला आणि त्याला 1207 च्या सुमारास दान मिळाले, असे तो लेख सांगतो. गणित शिकवण्यासाठी दान देणारी माणसे या डोंगराच्या पायथ्याशी आठशे वर्षांपूर्वी होती.

रोहिणीताईंच्या शाळेत सातवीपर्यंत मुलींना विज्ञानाऐवजी गृहविज्ञान शिकवत. तरीही सातवीत राज्याची शिष्यवृत्ती मिळवणारी त्या शाळेची पहिली मुलगी त्या ठरल्या. हे मी त्यांच्या कौतुकासाठी सांगत नाही. अशा आणखी किती मुली गृहविज्ञानातच थांबल्या असतील, ते मला बोचते. आज खुलताबादच्या शाळांत विज्ञान आहे. अडचण पुढे येते. दहावीला गणितात चांगले गुण मिळवलेली मुलगी, संभाजीनगरला रोज कोण पाठवणार म्हणून गावातल्या मिळेल त्या शाखेला जाते. बी.एस्सी.ला गेलेली मुलगी दुसऱ्या वर्षी लग्नासाठी शिक्षणातून काढली जाते.

म्हणून इथे बसलेल्या पालकांना माझी हात जोडून विनंती आहे. भौतिकशास्त्र घेतलेल्या मुलीला एम.एस्सी.पर्यंत शिकू द्या. संभाजीनगरचे विद्यापीठ दूर नाही. मुख्याध्यापकांनी 'लीलावतीज् डॉटर्स'ची एक प्रत शाळेच्या ग्रंथालयात आणावी आणि नववी-दहावीच्या मुलींसमोर त्यातले एकेक प्रकरण मराठीत सांगावे. आणि विज्ञान शिक्षकांनो, मुंबईचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र शाळकरी मुलांसाठी ऑलिंपियाड आणि पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी संशोधनाची ओळख करून देणारा उपक्रम चालवते. तिथे आपल्या तालुक्यातल्या मुलींचे अर्ज जायला हवेत. मुलगी अर्ज भरील, पण अशी जागा आहे हे तिला कुणीतरी सांगायला हवे. ते तुम्ही सांगा, आणि याच वर्षी सांगा.